निवडून पाठवलेली पानं

४ फेब्रुवारी

मावशी,

नमस्कार. आधीच सांगतो, फोन लागत नाही म्हणून आईसारखी धास्तावू नकोस. फोन आता नाही. तो मी भिंतीवर मारला. भिंतीला काही झालं नाही. नर्सरीचा माल घेणाऱ्या साबणवाल्याचा माणूस फोनवर मला म्हणाला, "जरा शिकलेल्या माणसाला द्या बोलायला." आता कॉलेज अर्धवट सोडलं म्हणजे माणूस बोलायचंही अर्धवट शिकतो का, तूच सांग. नवा फोन घेईपर्यंत पत्रं. तसंही तू कामावर असलीस की फोन उचलत नाहीस.

कामाचं लिहितो. नर्सरीत मागच्या बाजूला आमची ती झुडपं आहेत, उग्र वासाची. दुपारपर्यंत पानं तोडली की सगळे खोकायला लागतात, म्हणून आम्ही झुडपालाच 'खोकला' म्हणतो. पानं वाळवून साबणवाल्याला जातात. तर झालं असं, की दोन बादल्या पंधरा दिवस पाण्याने भरून पडल्या होत्या. एकीत पाणी हिरवं, बुळबुळीत, वास असा की मालकीणबाईंनी लांबूनच मला शिव्या घातल्या. दुसरीत खोकल्याची काही पानं पडून राहिली होती. तिच्यातलं पाणी चहाच्या रंगाचं, पण स्वच्छ. ना वास, ना शेवाळ. मी तीन दिवस रोज जाऊन बघितलं.

आई म्हणाली, तुझ्या प्रयोगशाळेत कुणीतरी झाडपाल्यातून जंतुनाशक शोधतंय. कोण ते ती बोलली नाही आणि मीही विचारलं नाही. सोबत एक पिशवी पानं पाठवतोय. एकेक पान हाताने निवडलेलं आहे, हे त्या 'कुणीतरी'ला सांग.

तुझा,
भाचा

---

१५ फेब्रुवारी

चिरंजीव तोफखाना यांस मावशीचा आशीर्वाद, आणि भिंतीलाही.

ताईला फोन केला होता. ती म्हणते, त्या 'कुणीतरी'बद्दल तू एका जेवणात तीनदा विचारलंस, आणि तिने सांगितल्यावर भाकरी पाण्याच्या तांब्यात बुडवलीस. तेव्हा माझ्यापुढे साळसूदपणा नको. होय, तीच. तुझ्या वर्गातली, तू कॉलेजातून तणतणत निघून गेलास तेव्हा पुढच्या बाकावर बसलेली. दीड वर्ष झालं, माझ्या शेजारच्या टेबलावर काम करते.

आता नीट ऐक, कारण इथे तुझ्या प्रेमापेक्षा महत्त्वाचं काही चाललंय. आमच्या इस्पितळात जखमांमध्ये एक जंतू ठाण मांडून बसलाय. आम्ही त्याला जावईबापू म्हणतो. कितीही महागाचं औषध पुढे करा, तो ते रिचवून ढेकर देतो आणि मुक्काम वाढवतो. ती वेगवेगळ्या झाडांचे अर्क काढून त्याच्यावर बघते. पद्धत सोपी आहे. जेलीच्या प्लेटवर जंतू सारवायचे, अर्कात भिजवलेली कागदाची बारीक टिकली त्यावर ठेवायची, आणि दुसऱ्या दिवशी बघायचं. जंतू मेले असतील तर टिकलीभोवती स्वच्छ वर्तुळ दिसतं. चाळीस झाडं झाली. चाळीस वेळा काही नाही. एप्रिलअखेर साहेब ठरवणार आहेत, तिचं काम चालू ठेवायचं की टेबल दुसऱ्याला द्यायचं.

तुझं पान एक्केचाळिसावं.

काल सकाळी तिने प्लेट उघडली आणि माझ्यापुढे सरकवली. टिकलीभोवती वर्तुळ, माझ्या अंगठ्याएवढं. शेजारी नुसत्या स्पिरिटची टिकली होती, तिच्याभोवती काही नाही. म्हणजे काम पानाचंच.

तिने वहीत लिहिलंय: 'नमुना ४१. निरोगी पानं, हाताने निवडलेली.' तुझ्याच शब्दांत. आता आणखी पाठव, भरपूर. आणि हुरळून जाऊ नकोस. प्लेटवरचे जंतू फिनेलनेही मरतात, ते कुणी जखमेत ओतत नाही.

मावशी

---

१९ फेब्रुवारी

मावशी,

तुझं पत्र मी झुडपांमध्ये उभं राहून वाचलं आणि नंतर झुडपांनाही वाचून दाखवलं. फिनेलचा भाग वगळला.

मी आधीच म्हणालो होतो ना, एकेक पान निवडलेलं आहे. निवडायला नजर लागते. या वेळी तर मी पहाटे उठून तीन सकाळी फक्त निवडत होतो. सगळ्यात उन्हातली रांग, मधली पानं, ना डाग, ना भोक, ना कडा वाळलेली. ओल्या कापडाने पुसली. सावलीत वाळवली. मालकीणबाई म्हणाल्या, "लग्नाच्या पत्रिका वाटतोयस का रे?" मी पुढचं पान पुसायला घेतलं. मला आजकाल राग येत नाही, हे आईला कळव.

तिने वहीत माझे शब्द लिहिले, हे तू दोन ओळींत उरकलंस. असं करू नकोस. वर्तुळ बघून ती काय म्हणाली ते शब्दशः लिही. चेहरा कसा होता तेही.

पिशवी मोठी आहे. वरच्या थरातली पानं सगळ्यात चांगली.

भाचा

---

८ मार्च

तोफखाना,

शब्दशः हवं होतं ना? तुझी मोठी पिशवी उघडल्यावर ती म्हणाली, "पानं इस्त्री केल्यासारखी आहेत." चेहरा: मास्क होता.

आता वाईट बातमी. वर्तुळ नाही. तिने तीनदा केलं. मी स्वतः एकदा केलं, म्हणजे हाताचा दोष असेल तर कळावा. जावईबापू टिकलीला टेकून आरामात वाढलेत.

पहिल्या पिशवीतली पानं तिने एका दमात वापरली, म्हणून पुन्हा ताडून बघायला काही उरलं नाही. तिला त्याची फार टोचणी लागली आहे. तिने तुझ्यासाठी प्रश्न काढून दिलेत. पहिल्या वेळची पानं कोणत्या रांगेतली? किती वाजता तोडली? धुतली होती का? वाळवली कशी? फवारणी झाली होती का? पहिल्या आणि दुसऱ्या पिशवीत काहीही, अगदी क्षुल्लक वाटणारंही, वेगळं होतं का?

शेवटच्या प्रश्नाखाली तिने दोन रेघा मारल्यात. नीट आठवून लिही. वेळ कमी आहे.

मावशी

---

१२ मार्च

मावशी,

वेगळं काही नव्हतं. फवारणी आम्ही करतच नाही, साबणवाल्याला चालत नाही. अळ्या हाताने वेचतो. पहिली पानं दुपारी तोडली आणि चुरून भरली, दुसरी सकाळी तोडून अख्खी भरली, एवढाच काय तो फरक. ही उत्तरं दिली. आता मी विचारतो.

तुमच्या प्लेटा धुणारा कोण आहे? स्पिरिट कुठून आणता? जेली शिळी नव्हती ना? आणि ते साहेब, जे एप्रिलमध्ये तिचं टेबल काढून घ्यायला टपलेत, ते रात्री प्रयोगशाळेत कशाला थांबतात? मी काही म्हणत नाही, पण असल्या खुर्चीतल्या माणसांना मी ओळखतो. एकाला तर चांगलाच ओळखतो. प्रॅक्टिकलची माझी वही भर वर्गात वर धरून म्हणाला होता, "आकडे इतके बरोबर येत नसतात, शेजाऱ्याचे बघितलेस." मी बघितले नव्हते. मी ती वही तिथेच फाडली आणि निघालो, हे तुला माहीत आहे. ती तेव्हा पुढच्याच बाकावर होती. मागे वळून तिने बघितलं का, ते मी बघितलं नाही.

तिसरी पिशवी पाठवतोय. ही दुसरीपेक्षाही स्वच्छ आहे. भिंग लावून निवडली. आता तरी वर्तुळ आलं नाही, तर मी स्वतः येऊन तुमची जेली तपासतो.

भाचा

---

३१ मार्च

बाळा,

आज चेष्टा जमत नाही.

तिसऱ्या पिशवीनेही काही झालं नाही. परवा बैठकीत साहेबांनी तिची वही सगळ्यांपुढे उघडली. पहिलं वर्तुळ तिने पेन्सिलीने मापासह काढलेलं होतं. साहेब म्हणाले, "एकदाच आलं, आणि इतकं सुबक. असं वर्तुळ मी कंपासने काढतो." तीन-चार जण हसले. (साहेब रात्री थांबतात ते घरी सासूबाई असतात म्हणून. तुझा संशय त्यांच्यावर वाया घालवू नकोस.)

ती उठून मोरीपाशी गेली. दुपारभर प्लेटा धूत बसली, धुतलेल्याच पुन्हा. संध्याकाळी मला म्हणाली, "पहिला निकाल मी मागे घेते. लिहून देते की चुकून त्या टिकलीला फिनेल लागलं असेल."

मी विचारलं, "लागलं होतं का?"

"नाही. पण दुसरं काही कारण उरलंच नाही ना, मावशी." तीही मला मावशीच म्हणते, हे तुला सांगायचं राहिलं होतं.

मी म्हटलं, "पानं पाठवणाऱ्याने काही चूक केली असेल."

यावर ती काय म्हणाली ते शब्दशः लिहिते, तुला शब्दशः आवडतं म्हणून. "तो खोटं लिहिणार नाही. एकदा त्याला कुणी लबाड म्हटलं तर त्याने आख्खी वही फाडली. असा माणूस पानांबद्दल कशाला खोटं बोलेल?"

दहा एप्रिलला ती कागदावर सही करणार. तो कागद साहेबांकडे गेला, की इथेच काय, दुसरीकडेही तिला कुणी सहज उभं करणार नाही. वर्तुळ रंगवणारी मुलगी म्हणून नाव होईल.

तुझ्याकडे आणखी काही सांगण्यासारखं असेल तर सांग. नसेल तर निदान तिला सांत्वनाची पानं पाठवू नकोस.

मावशी

---

६ एप्रिल

मावशी,

हे पत्र टपालाने नाही, साबणवाल्याच्या ट्रकवाल्याच्या हाती देतोय. उद्या दुपारपर्यंत तुझ्या हातात पडेल. तो थांबून राहील. त्याला मी सांगितलंय की जीवन-मरणाचा प्रश्न आहे. तो म्हणाला, "पोरीचं काही आहे वाटतं." मी पहिल्यांदाच कुणाशी भांडलो नाही.

पहिली पानं मी निवडलेली नव्हती. ती कचऱ्यातली होती.

सगळं सांगतो. मालकीणबाई चांगलं पान एकही बाहेर जाऊ देत नाहीत, सगळं साबणवाल्याचं. खराब निघतं ते आम्ही एका बादलीत टाकतो. अळीने खाल्लेलं, भोकं पडलेलं, गुंडाळलेलं. ते पुढे खड्ड्यात जातं. पाणी स्वच्छ राहिलं ते त्याच बादलीतलं. पहिली पिशवी भरायला मला मिळाली तीही तसलीच पानं, भिंतीकडच्या रांगेतली, कारण तिथे अळी फार. पिशवीत मी दोन अळ्यासुद्धा बघितल्या आणि काढून टाकल्या. भोकं दिसू नयेत म्हणून पानं वाळल्यावर चुरून भरली.

आणि मग पत्रात लिहिलं, एकेक पान हाताने निवडलेलं. का, ते तुला कळलं असेलच. तीन वर्षांनी माझ्याकडून तिच्याकडे काही जाणार, आणि ते कचऱ्याच्या बादलीतलं? नर्सरीत काम करतो म्हणजे एवढंच येतं का याला, असं तिला वाटलं असतं. ती पिशवी उघडणार, तिच्या बोटांना ती पानं लागणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं. नंतर वर्तुळ आलं तेव्हा मला वाटलं, खराब पानांनी एवढं केलं तर चांगली काय करतील. म्हणून मी भिंग घेऊन बसलो. तिला काही तरी उत्तम पाठवावं म्हणून मी प्रत्येक वेळी तिचं काम आणखी बुडवत होतो.

तिने प्रश्न विचारले, दोन रेघा मारल्या, तेव्हाही मला बादली आठवली होती. मी लिहिलं, वेगळं काही नव्हतं. तेव्हा मला खरंच वाटलं की अळीचा नि जंतूंचा काय संबंध. पण तेवढंच खरं नाही. लाज वाटली, हे जास्त खरं आहे. आणि लाज वाटली की मी ओरडतो. तुझ्या जेलीवर ओरडलो.

ज्या माणसाने मला लबाड म्हटलं त्याच्यावर मी तीन वर्षं जळतोय. आणि इथे ती माझ्या भरवशावर स्वतःला लबाड लिहून द्यायला निघाली. तिला सही करू देऊ नकोस. तिला सांग, वर्तुळ तिने काढलं ते खरंच होतं, निवडलेली पानं लिहिणारा खोटा होता. हे पत्र दाखवायचं तर दाखव. नाही, पानांचा भाग वाचून दाखव. बाकीचं ठेव.

ट्रकमध्ये सहा पिशव्या आहेत. तीनांत भिंतीकडची अळीने खाल्लेली पानं, तीनांत उन्हातली स्वच्छ. एकाच दिवशी, एकाच वेळी तोडलेली, एकाच खोलीत वाळवलेली. पिशव्यांवर खुणा आहेत, कुठल्या खुणेची कुठली ते सोबतच्या चिठ्ठीवर लिहिलंय.

मालकीणबाईंना सांगावं लागलं. त्या म्हणाल्या, "तीन वर्षं तुला अळ्या वेचायला पगार दिला, आता तू अळ्या पाळणार?" मी म्हटलं, एकच रांग. त्यांनी भिंतीकडच्या रांगेकडे बघितलं. मग म्हणाल्या, "एकच. आणि साबणवाल्यासमोर अळीचं नाव काढलंस तर तुलाच खड्ड्यात टाकीन."

भाचा

---

१८ एप्रिल

तोफखान्यास मावशीचा आशीर्वाद, या वेळी मनापासून.

तुझा ट्रकवाला दारात उभा राहून मला म्हणाला, "बाई, आधी वाचा, मग मी चहा घेईन." मी वाचलं. पानांचाच भाग वाचून दाखवणार होते, तू सांगितल्याप्रमाणे. पण तिने हात पुढे केला, आणि माझ्याकडून पत्र निसटलं. वय झालं आता माझं.

तिने ते एकदा वाचलं. घडी घातली. पुन्हा उघडलं आणि पुन्हा वाचलं. मग उठली ती थेट साहेबांकडे गेली. मला वाटलं सही करते की काय. पण तिने त्यांना सहा पिशव्या आणि तुझी चिठ्ठी दिली आणि म्हणाली, "चिठ्ठी तुम्ही ठेवा, मला दाखवू नका. भोकं दिसू नयेत म्हणून पानं कुणाकडून तरी कुटून द्या, आणि पिशव्यांवर नुसते आकडे घाला. मी सगळ्यांचे अर्क करते. वर्तुळं आली तर तुम्हीच चिठ्ठीशी जुळवा. कंपास आहेच तुमच्याकडे." शेवटचं वाक्य तिचंच आहे, मी घातलेलं नाही.

आठवडा लागला. काल सकाळी प्लेटा काढल्या. दोन, तीन आणि पाच या आकड्यांना वर्तुळ. एक, चार, सहा कोरे. साहेबांनी ड्रॉवर उघडून चिठ्ठी वाचली, चष्मा पुसला, पुन्हा वाचली. दोन, तीन, पाच: अळीने खाल्लेली.

का, ते ऐक. झाडाला पळता येत नाही. अळी खायला लागली की ते बसल्या जागी पानात काहीतरी जहाल तयार करायला घेतं. उन्हात मजेत उभं असलेलं, रोज ओल्या कापडाने पुसलेलं झाड कशाला एवढे कष्ट करेल? ताईने लाडाने वाढवलेल्या तुझं उदाहरण मी देत नाही.

साहेबांनी कंपासाबद्दल काही म्हटलं नाही. पण तिच्यासाठी चहा स्वतः आणला. साखर विसरले, आणि ती तसाच प्यायली. निकाल मागे घेण्याचा कागद तिने फाडला नाही, मागची बाजू कोरी होती म्हणून तिथे धुलाईची यादी केली. तिचं काम आणखी सहा महिने चालू राहणार.

आता तुझी हवा काढते, माझं कर्तव्य म्हणून. इस्पितळातल्या पाच रुग्णांचे जंतू घेतले होते. दोघांच्या जंतूंवर वर्तुळ नीट आलं, एकाच्या जंतूंवर पुसट, दोघांचे जावईबापू अजूनही ढेकर देतायत. पानातलं नेमकं काय काम करतं ते माहीत नाही. त्याने माणसाच्या पेशी मरतात का तेही बघायचंय. औषध व्हायला वर्षं लागतील, आणि बहुतेक वेळा होतच नाही. पण एक्केचाळिसाव्या झाडात काहीतरी आहे, आणि ते आहे असं म्हणणारी मुलगी खरं बोलत होती.

ती तुला स्वतंत्र लिहिणार आहे. मी पत्ता दिला. तिने पत्ता वहीतून वाचून दाखवला, आधीच होता.

मावशी

---

२१ एप्रिल

तुला,

मायना काय लिहावा ते ठरेना, म्हणून सोडून दिला.

सोबत माझ्या वहीच्या एका पानाची झेरॉक्स आहे. नमुना ४१. त्यात 'निरोगी पानं, हाताने निवडलेली' या ओळीवर मी रेघ मारली आहे. आमच्याकडे चूक झाली तर पान फाडत नाहीत, पांढरी शाई लावत नाहीत, गिचमिड करत नाहीत. एकच सरळ रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे. शेजारी खरं काय ते लिहायचं, सही आणि तारीख. ज्याची चूक, त्याची सही. तेव्हा त्या जागी तुझी सही हवी आहे. खालची माझी आहे, साक्षीदार म्हणून.

तुझ्या पत्राबद्दल. मला राग आला होता. दोन रेघा मी उगाच मारल्या नव्हत्या. साहेब हसले तेव्हा मी स्वतःवरच संशय घ्यायला लागले होते. रात्री झोपेत टिकल्या मोजायचे. हे तुला माहीत असावं म्हणून लिहिलं, पुन्हा लिहिणार नाही.

आता माझी एक ओळ. तू वही फाडलीस त्या दिवशी तुझे आकडे बरोबर होते, हे मला माहीत होतं. माझेही तेच आले होते, आणि मी तुझ्या पुढच्या बाकावर पाठमोरी होते, माझी वही तुला दिसणं शक्यच नव्हतं. मी उठून तसं म्हणायला हवं होतं. मी वही मिटून बसले. मागे वळूनही बघितलं नाही, कारण बघितलं असतं तर उठावं लागलं असतं. हे मी खोडत नाही, नुसती रेघ मारते.

काम असं आहे. भिंतीकडच्या रांगेची रोजची नोंद हवी. कुठल्या झुडपावर किती अळ्या, पानाला किती भोकं, ती दिसल्यापासून कितव्या दिवशी तोडलं. झाड कडू व्हायला किती दिवस लागतात ते कळलं, तर पुढचं सोपं जाईल. दर आठवड्याला एक पान पाठव. नुसतं दिसलं ते लिही. विशेषणं नकोत. तुझ्या पत्रात ती फार असतात, शिवाय 'ती', 'तिला', 'तिचं' धरून मी त्यात अकरा वेळा आहे. मी मोजलं. नमुना पुरेसा मोठा आहे.

आणि पानं पुसू नकोस.

---

२९ एप्रिल

सही केलेलं पान सोबत आहे. पहिल्या दोन सह्या नीट आल्या नाहीत. त्यांच्यावर एकेक रेघ मारली आहे.

आठवड्याची नोंद, भिंतीकडची रांग (पहिले तीन दिवस तुझं पत्र येण्याआधी आपणहून मोजलेले):

सोमवार. झुडूप १ ते ६ बघितली. झुडूप ४ वर अळ्या दोन, भोकं सात. बाकीच्यांवर काही नाही.

मंगळवार. झुडूप ४, अळ्या दोन, भोकं अकरा. झुडूप ५, अळी एक. मालकीणबाई आल्या, अळी उचलायला निघाल्या. मी मध्ये उभा राहिलो. त्या म्हणाल्या, "सरक." मी सरकलो नाही. आवाज चढवला नाही.

बुधवार. झुडूप ४, भोकं पंधरा. एक पान गुंडाळलेलं. वासात फरक जाणवतो, पण 'जाणवतो' हे मोजलेलं नाही म्हणून सोडून द्यावं.

गुरुवार. टपाल आलं. झुडपं बघायला दोन तास उशीर झाला. अळ्या तीन, भोकं मोजताना दोनदा चुकलो. तिसऱ्यांदा एकोणीस.

शुक्रवार. झुडूप ४ ची पानं तोडली, पाचव्या दिवशी. पिशवी क्र. ७. खाली गळून पडलेली दोन पानंही टाकली आहेत, वेगळ्या पुडीत, तशी चिठ्ठी लावून. पुसली नाहीत.

शनिवार. झुडूप ५, अळ्या दोन, भोकं नऊ. कॉलेजच्या कचेरीत गेलो. सोडलेलं वर्ष पुन्हा देता येतं का ते विचारलं. फॉर्म मिळाला. खिडकीतला माणूस म्हणाला, "इतके दिवस कुठे होता?" मी म्हटलं, अळ्या वेचत होतो. खरं तेच सांगितलं.

रविवार. काही तोडलं नाही. वरच्या नोंदीत गुरुवारखाली एक ओळ खोडली आहे. ती अशी होती: 'पत्र चार वेळा वाचलं, पाचव्यांदा झुडपांपासून लांब जाऊन वाचलं.' तिचा नमुन्याशी संबंध नाही. एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. शेजारी सही आणि तारीख आहे. चूक माझी आहे. साक्षीदाराची जागा मोकळी ठेवली आहे.